सुखदेवभाऊंचा मुलूख

सुखदेवभाऊ गेल्याची बातमी मला नागपूरच्या इतवारीत कळली, भांड्यांच्या दुकानात, उभ्या उभ्या. भाच्याच्या लग्नात द्यायला मी स्टीलची बादली घेतली होती आणि तिच्यावर नाव घालून घेत होतो. कोरणाऱ्याच्या मशीनची किरकिर चालू असताना गल्ल्यावरचा फोन वाजला. दुकानाचे मालक लक्ष्मणशेठ, माझे पंचवीस वर्षांचे मित्र, यांनी तो घेतला. "हां... हां जी... कब?" एवढंच बोलले, आणि फोन ठेवून कोरणाऱ्याला हातानेच थांब म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मनोहरबाबू, भाऊ चले गये." कुठे गेले, असं मी विचारलं. खरंच विचारलं. रिटायर झाल्यापासून सुखदेवभाऊ लेकीकडे भंडाऱ्याला जाऊन-येऊन असत, मला वाटलं तिकडेच गेले असतील. शेठजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बादली तिथेच राहिली. नाव अर्धवटच कोरलेलं होतं.

आज या गोष्टीला पाच आठवडे झाले. लिहू की नको असं करता करता लिहायला बसलो आहे. भाऊंनी पेपरात छापून यावं असं काही केलेलं नाही. सभेत बोलले नाहीत, निवडणुकीला उभे राहिले नाहीत, नागपूरच्या बाहेर त्यांना ओळखणारी माणसं दोन्ही हातांच्या बोटांवर मोजावी इतकीच. त्यांचं आडनावही मी इथे लिहिणार नाही. का लिहिणार नाही ते पुढे येईलच. पण या माणसाने माझे पंचवीस वर्षांचे रविवार भरून टाकले, आणि शेवटी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, ती मी दिली नाही. हे कुठेतरी कबूल केल्याशिवाय मला जेवण गोड लागणार नाही, म्हणून हा खटाटोप.

आमच्या जमीन-मोजणीच्या कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते आणि मी आस्थापनेचा कारकून. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे. पोरवयात मोजणीची साखळी ओढणारा मजूर, कचेरीच्या भाषेत खलाशी, म्हणून लागले, मोजणीच्या तुकड्यांबरोबर मेळघाट, चांद्याची जंगलं पायाखाली घातली, आणि बघून बघून नकाशा काढायला शिकले. अक्षर असं की साहेब लोक त्यांच्या हातचा नकाशा फाईलला लावायच्या आधी एकदा उजेडात धरून बघत. एकदा चहाच्या वेळी त्यांनी मला विचारलं, "मनोहर, रविवारी सकाळी काय करतं गा?" मी म्हटलं, काही नाही भाऊ, बायको धुणं पिळते, मी वाळत घालतो. "ते संध्याकाळी घाल," ते म्हणाले, "सकाळी इतवारीत ये. मुलखात जाऊ."

मुलूख म्हणजे काय, हे नव्या माणसाला सांगताना आमची नेहमी पंचाईत व्हायची. लक्ष्मणशेठच्या दुकानावर एक खोली होती. रविवारी दुकान बंद, त्यामुळे खाली ठोकाठोक नाही. चटई टाकायची, मधोमध ट्रेसिंगचं निळसर कापड पसरायचं. त्या कापडावर भाऊंनी काढलेला एका प्रदेशाचा नकाशा. नदी, डोंगर, जंगल, वाटा, अगदी मापात. फक्त तो प्रदेश जगात कुठे नव्हता. आम्ही पाच-सहा जण भोवती बसायचो आणि त्या मुलखातला एकेक माणूस व्हायचो. मी सोमा नावाडी. लक्ष्मणशेठ, ज्यांनी जन्मात मुंगी मारलेली नाही आणि कांदा खाल्लेला नाही, ते शिकारी. शाळेत गणित शिकवणाऱ्या एक अतिशय सोज्वळ बाई येत, त्या दरोडेखोर. भाऊ स्वतः कोणी नसत. ते सांगत. "आभाळ भरून आलं हाय. सांजी नदीले पूर. पलीकडून कोणीतरी हाका मारून राहिलं. सोमा, तू काय करतं?" मी काय करतो ते मी सांगायचं. जमेल की नाही याची शंका असली की सहा कवड्या टाकायच्या. किती उताण्या पडल्या ते बघून भाऊ पुढे काय झालं ते सांगत. हार नाही, जीत नाही, शेवट नाही. बारा वाजले की नकाशाची गुंडाळी करायची, पुढच्या रविवारी तिथूनच पुढे.

पहिल्या दिवशी मला वाटलं, ही काय पोरखेळाची तऱ्हा. घोड्याएवढी माणसं आणि मी शिकारी, मी नावाडी! दुसऱ्या रविवारी मात्र मी साडेआठलाच जिना चढत होतो.

आडनावाची गोष्ट सांगतो. पहिल्याच वर्षी आमच्या कचेरीतले एक नवे गृहस्थ आले. ते मुलखात व्यापारी झाले आणि माझ्या नावेपाशी येऊन उभे राहिले. नावेत बसायच्या आधी त्यांनी सोमाला विचारलं, "तुझं आडनाव काय रे?" भाऊंनी हातातल्या कवड्या खाली ठेवल्या आणि म्हणाले, "मुलखात आडनाव नसते." गृहस्थ हसले, म्हणाले, अहो पण कळायला नको का, कोण कुठला? "नसते गा," भाऊ शांतपणे म्हणाले, "मीच काढला हा मुलूख, मले माहीत हाय." ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. मला तेव्हा वाटलं, एवढ्याशा गोष्टीवरून माणूस घालवला. आमच्या कचेरीत तेव्हा पाण्याचे दोन माठ होते. कशावर काही लिहिलेलं नव्हतं, पण कोणी कोणत्या माठाचं प्यायचं हे चपराशापासून साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. मी तिथे कित्येक वर्षं पाणी प्यायलो आणि मला कधी दोन माठ दिसले नाहीत. दिसायला लागले ते मुलखात जायला लागल्यावर. छप्पन साली बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या दिवशी भाऊ आईला घेऊन, पांढरा सदरा घालून मैदानावर गेले होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. "माय म्हणे, आज चप्पल घालून चाल, आज ऊन नाही लागत," एवढं बोलले आणि पुन्हा निब दौतीत बुडवली.

मुलखाचा दुसरा नियम त्यांनी कचेरीतूनच आणला होता. मोजणीच्या फील्डबुकात रबर चालत नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि ज्याने लिहिलं त्यानेच बाजूला सही करायची. दुसऱ्याचं लिहिलेलं दुसऱ्याने खोडायचं नाही, मग तो साहेब का असेना. मुलखात कोणी काही बांधलं, पकडलं, शोधलं की भाऊ ते नकाशावर काढत आणि काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत ज्याचं त्याला लिहायला लावत. ते पुसायचं नाही. त्यांना स्वतःलाही त्याला हात लावता येत नसे.

आता माझ्या पुलाची गोष्ट. दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी एका पावसाळ्यात सोमाच्या नावेत एक वऱ्हाड बसलं होतं. नदी चढलेली. भाऊ म्हणाले, थांब, पाणी उतरू दे. मी म्हटलं, नाही, सोमा नेतो. कवड्या टाकल्या आणि एकच उताणी पडली. नाव कलंडली. सगळे निघाले, एक लहान मुलगी निघाली नाही. भाऊंनी तिचं नाव चिमणी सांगितलं होतं, बस्स, एवढंच तिच्याबद्दल मला माहीत. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही. बायकोने घाबरून विचारलं, "कोण गेलं वो?" मी म्हटलं, कोणी नाही. आणि खरंच कोणी नव्हतं गेलं! पण ताटावरून उठलो तो उठलोच. पुढच्या रविवारी मी सांगितलं, सोमा नाव बांधून ठेवतो आणि पूल बांधतो. अकरा रविवार लागले. दगड कुठून आणायचा, चुना कोण भाजणार, पाया कुठे धरणार... भाऊंनी एकेक गोष्ट विचारून माझा पिट्टा पाडला. दोनदा कमान पडली. अकराव्या रविवारी सहाच्या सहा कवड्या उताण्या पडल्या आणि भाऊंनी काळ्या शाईने सांजी नदीवर दोन बारीक रेघा ओढल्या. शेठजींनी खाली जाऊन पेढे आणले. सांगायला लाज वाटते, पण माझं घर बांधून झालं तेव्हा मला तेवढा आनंद झाला नाही.

वर्षं गेली. शेठजींनी वाघ पकडला. मारायचा नाही अशी त्यांची अट होती, म्हणून पिंजऱ्यात ठेवला आणि दर रविवारी त्याच्या खाण्यापिण्याची चौकशी करत. गणिताच्या बाईंनी दरोडे सोडून खजिन्याची चोख व्यवस्था लावली. आम्ही जंगलातून रस्ता काढला, विहिरी खणल्या, डोंगरांना नावं दिली. आता आम्ही सगळे सरकारी नोकर आणि एक दुकानदार. आम्हाला स्वस्थ कसं बसवेल? आम्ही मुलखात हळूहळू कचेरी काढली. कोण कोणाच्या आधी आला याची यादी केली. एखादी मोठी कामगिरी निघाली की ती यादीतल्या वरच्या माणसाकडे जाई. भाऊ एकदा हसून म्हणाले होते, "लेकाहो, तुम्ही जंगलातही एस्टॅब्लिशमेंट सेक्शन उघडला." आम्हीही हसलो. त्यातलं दुखणं कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग माणसं गळायला लागली. कोणाची बदली, कोणाचे गुडघे, जिना चढवेना. पोस्टातले एक जण देवाघरी गेले, गणिताच्या बाई मुलाकडे पुण्याला गेल्या आणि तिथे करमत नाही म्हणून पत्रं लिहीत राहिल्या. पाचाचे चार झालो, चाराचे तीन. भाऊंना याची फार काळजी लागली. आपण गेल्यावर नकाशाची गुंडाळी माळ्यावर पडून राहणार, याची. "खेळ कोणाचा असते मनोहर?" ते म्हणायचे. "जो उद्या खेळन त्याचा. आपण तं काल खेळलो." त्यांनी स्वतःच्या हाताने सुंदर पाट्या रंगवल्या आणि दोन-तीन कॉलेजांत जाऊन परवानगी काढून लावल्या. रिटायर झालेला माणूस, सायकलवर, खाकी पिशवीत पाट्या आणि खिशात ड्रॉइंग पिना. मला म्हणत, "पोरं काहून येत नाहीत गा? त्यायले सांगणारं कोणी नाही म्हणून."

पोरं आली. एका रविवारी तर सात जण आले, त्यात माझी मुलगी शुभाही होती. तिच्या वर्गातला हरीश नावाचा एक मुलगा जरीपटक्याच्या सिंधी वस्तीतून आला होता. त्याच्या मामाने परदेशातून एक फासा पाठवला होता, वीस बाजूंचा. तिकडेही म्हणे असाच खेळ निघाला आहे, टेबलाभोवती बसून, माणसं कोणी कोणी होतात आणि एक जण सांगतो. भाऊंनी तो फासा तळहातावर घेऊन बराच वेळ फिरवला. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. पण त्यांचा चेहरा असा फुलला होता... "म्हणजे तिकडच्यायलेही रविवार असते," ते म्हणाले, आणि फासा हरीशला परत देत, "पण आपली कवडी बरी. पोट अन् पाठ, दोनच. भांडण होत नाही."

तिसऱ्या रविवारी सातातलं कोणी आलं नाही. आम्ही टीव्हीला शिव्या दिल्या. तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीवर असं काही लागायचं की इतवारीतली हातगाडीसुद्धा जागची हलत नसे, त्यामुळे शिव्या द्यायला निमित्त चांगलं होतं. मी तर शुभाला जेवताना ऐकवलं की तुमच्या पिढीला डब्यासमोर बसायचं, स्वतःच्या डोक्याने काही करायचं नाही. शुभा एरवी उलट बोलणारी मुलगी नाही. तिने घास खाली ठेवला.

"बाबा, तुमच्या मुलखात करण्यासारखं काय ठेवलं तुम्ही? हरीशनं म्हटलं, मी वाघ शोधायला जातो. शेठजी म्हणे, वाघ आपण केव्हाच पकडला, वहीत नोंद हाय. मी म्हटलं, मी खजिना शोधते. तं म्हणे अर्ज दे. मी म्हटलं, बरं, मी नदी पार करते. तुम्हीच म्हणाले, पूल हाय नं, सरळ जा! तिथं जाऊन काय आम्ही तुमच्या पुलावरून फिरायचं?"

तिची आई हसायला लागली. मी पानावरून उठलो नाही एवढंच.

हे मी भाऊंना सांगितलं, चहाडी केल्यासारखं सांगितलं खरं तर, की बघा आजकालची मुलं. भाऊ हसले नाहीत. नकाशा उलगडून पुढे ओढला आणि चष्मा वर करून कितीतरी वेळ त्यावर वाकून राहिले. "भरला गा हा," शेवटी म्हणाले. "पंचवीस वर्षं भरून राहिलो आपण. पाय ठेवाले जागा नाही राहू दिली." पुढच्याच रविवारी त्यांनी आम्हाला दोघांना समोर बसवून मागणी केली. आपापल्या नोंदीवर रेघ मारा. वाघ सुटू दे, पूल पडू दे. पोरांसाठी मुलूख मोकळा करा.

लक्ष्मणशेठनी तेवढ्यातच वही ओढली. पिंजऱ्याचं दार उघडून दिलं, वाघाला हात जोडले आणि रेघ मारून सही केली. सही करताना त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि त्याची त्यांना लाज नव्हती. "चलो, बेचारा खुश होगा," म्हणाले. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी नाही म्हटलं. अकरा रविवार लागले भाऊ, म्हटलं. मनात मात्र अकरा रविवार नव्हतेच, मनात ती चिमणी होती. पूल नसेल तर पुन्हा कोणीतरी पूर आलेला असताना नदीत उतरणार, आणि ते कोणीतरी म्हणजे माझी शुभा असणार. हे असं बोलून दाखवणं शक्य नव्हतं, कारण बोललं की हसूच आलं असतं. म्हणून मी वाद घातला. म्हटलं, पोरांना दुसरा नकाशा काढून द्या, कोरा. तुमच्या हाताला काय, महिन्याभरात होईल. ते त्यांच्या मुलखात, आपण आपल्या.

भाऊंचा आवाज मी पंचवीस वर्षांत चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशीही चढला नाही. "वेगळी पंगत मांडू म्हणतं का गा?" त्यांनी विचारलं. "ते मी नाही करणार, मनोहर. एकच मुलूख राहीन. नाही राहिला तं नाही राहिला."

मी जिना उतरून घरी आलो. दोन रविवार गेलो नाही. तिसऱ्या रविवारी गेलो तेव्हा भाऊंनी जसं काही झालंच नाही असा चहा पुढे केला, आणि ते मला जास्त लागलं. त्यांना वही उघडून स्वतः रेघ मारता आली असती. मी काय कोर्टात जाणार होतो? पण नियम त्यांचाच होता, आणि तो त्यांनी माझ्यासाठीही मोडला नाही. पोरांपैकी हरीश तेवढा पुन्हा येऊ लागला. खेळायला जागा नव्हती, तर भाऊंच्या बाजूला बसून ते कसं सांगतात, कुठे थांबतात, हे बघत बसायचा. त्याच्या घरच्यांचं गाव फाळणीत पलीकडे राहिलं. एकदा म्हणाला, "भाऊ, हमारे दादाजी भी ऐसा ही एक नक्शा बनाते हैं, वहाँ भी कोई जा नहीं सकता." भाऊंनी त्याला म्हातारबुवांचा नकाशा घेऊन ये म्हणून सांगितलं होतं.

आमची शेवटची भेट हुडकेश्वरला झाली. रिटायर झाल्यावर त्यांनी तिकडे दोन खोल्या बांधल्या होत्या. बाजूच्या प्लॉटवर अजून तूर उभी असायची, रस्ता नव्हता, मी स्कूटर अर्ध्यात लावून चालत गेलो. डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे एक रविवार चुकला होता. ते अंगणात बाज टाकून बसले होते. वहिनींनी चहाबरोबर कोथिंबिरीची सांबारवडी आणून ठेवली आणि म्हणाल्या, "सांगा तुमच्या भाऊले. बाजेवर पडल्या पडल्या नकाशे काढून राहिले." इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "मनोहर, ते पुलाचं..." मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. चेष्टेने म्हटलं, "मी मेल्यावर खोडा, भाऊ."

"मेल्यावर सही कशी करशीन गा?" ते म्हणाले, आणि इतके हसले की खोकला आला, वहिनी आतून पाणी घेऊन धावल्या. मीही हसत हसत वाटेला लागलो. तुरीच्या कडेने चालत स्कूटरपर्यंत गेलो तोवर मला ते आठवून हसू येत होतं. तेरा दिवसांनी इतवारीत फोन वाजला.

घाटावर त्रिसरण-पंचशील झालं तेव्हा मी मागे उभा होतो. मला शब्द येत नव्हते. लक्ष्मणशेठलाही येत नव्हते, पण ते हात जोडून ओठ हलवत होते. पुढे पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं उरकल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. नकाशाची गुंडाळी आणि काळी वही फडक्यात बांधून ठेवली होती. "मले यातलं काही समजत नाही," त्या म्हणाल्या. "यायचा जीव होता यात. कोण नेते, सांगा. तुम्ही नेता का पोरं?" माझे हात पुढे झाले होते. खोटं कशाला सांगू, झालेच होते. मग दारात उभ्या असलेल्या हरीशकडे बोट केलं आणि म्हटलं, "त्याले द्या वहिनी." घरी येताना शुभा स्कूटरवर मागे बसली होती, नेहमी सीटला धरते ती त्या दिवशी माझ्या खांद्याला धरून बसली.

परवाच्या रविवारी आम्ही इतवारीतल्या त्या खोलीत पुन्हा बसलो. शेठजींनी चटई आधीच टाकून ठेवली होती. शुभा होती, तिच्या दोन मैत्रिणी होत्या, एक नवा मुलगा होता. आल्याबरोबर तो आपलं पूर्ण नाव सांगू लागला, तर शुभानेच त्याला मध्ये थांबवलं, "इथं नुसतं नाव सांग." भाऊ बसत त्या जागेवर हरीश बसेना, शेवटी शेठजींनी त्याचा हात धरून त्याला तिथे बसवलं. नकाशा उलगडला. मी वही मागितली. पान शोधायला मला वेळ लागला नाही. 'सांजी नदीवर दगडी पूल. बांधणारा, सोमा.' माझंच अक्षर, किती ठसठशीत! मी टाक घेतला. एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला सही केली. सही करताना मला जे म्हणायचं होतं ते भाऊ गेल्यावर म्हणून काय उपयोग, पण मी ते मनात म्हटलं. भाऊ, जरा उशीर झाला. तुमच्यासमोर करायला हवी होती ही सही. माझ्याने झालं नाही.

हरीशने खाकरून घसा साफ केला. "रात से पानी चालू हाय," तो आपल्या मिश्र भाषेत सांगू लागला, "और पहाटे खूप मोठा आवाज झाला. लोक नदीवर जाऊन बघतात. पूल नाही. पानी लाल. पलीकडे कोणीतरी रडून राहिलं, छोटा बच्चा असेल." तो थांबला. नेमका जिथे थांबायला हवं तिथे थांबला. मुलं नकाशावर वाकली. कोणी म्हणालं दोर टाकू, कोणी म्हणालं झाड तोडून आडवं टाकू. पूल झाल्यापासून ओस पडलेल्या त्या काठावर एकदम इतका गलबला झाला की शेठजी डोळे मिटून नुसते ऐकत बसले. मग शुभाने मान वर करून मला विचारलं, "बाबा... म्हणजे सोमाबाबा, तुम्ही तं इथंच नाव चालवत होते. उतार कुठं हाय, सांगा नं."

उतार मला माहीत आहे. वळणाच्या वर, जिथे खडक पाण्याखाली पायऱ्यांसारखे गेले आहेत, तिथे पुरातही कंबरेवर पाणी येत नाही. चिमणी गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात भाऊंनी तो मला शोधू दिला होता. वहीत तो कधी लिहिला नाही, कारण तेव्हा माझ्या डोक्यात पूल होता. मुलं वळणाच्या खाली उतरायचं म्हणत होती, नेमकं जिथे नाव कलंडली तिथे. मी तोंड उघडलं होतं. पलीकडे हरीश माझ्याकडे बघत होता, सांगू नका म्हणून विनवत असल्यासारखा. "म्हातारा झालो वं पोरी," मी म्हटलं, "काही आठवत नाही."

शुभाने सहा कवड्या ओंजळीत घेतल्या आणि खुळखुळवल्या. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.